गाळावे, पिळू नये

द्राक्षांच्या मळ्यांनी वेढलेल्या एका गावी एकदा एक फळांचा व्यापारी, आपले रिकामे घर पुन्हा भरावे म्हणून, एका वृद्धाकडे शिकावयास गेला. त्याने पन्नाशी ओलांडली होती, केस पिकले होते. शिष्य होण्याचे ते वय नव्हे. परंतु त्याची पत्नी द्वारका त्या वर्षीच्या आश्विनात निवर्तली होती आणि पौष तोंडावर आला होता.

त्या गावी पौषातली थंडी हाडांत शिरते. त्या महिन्यात दर रविवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी मंडळी जमत. मध्ये शेगडी पेटे, आणि फळे व मसाले घालून मुरवलेले द्राक्षमद्य कोमट करून पेल्यापेल्याने दिले जाई. हल्लीची माणसे त्याला पंच म्हणतात. पौषातला शेवटचा रविवार द्वारकेचा असे. तिच्या घरी आलेला माणूस उठण्याचे नाव घेत नसे. भांडून आलेले दोघे एकाच सतरंजीवर बसत आणि जाताना एकमेकांची पादत्राणे शोधून देत. हे सारे त्या पेयामुळे घडते, अशी व्यापाऱ्याची समजूत होती. कारण त्या गर्दीत तो स्वतः फक्त पेले भरण्याचे काम करी.

द्वारकेला ती कृती शिकवली होती या वृद्धानेच. सारा गाव त्याला आजोबा म्हणे.

“आजोबा, तिच्या हातची चव मला साधायला हवी,” व्यापारी म्हणाला. “चव आली की माणसं थांबतील. माणसं थांबली, की घरात...”

“कृती सांगतो,” वृद्ध म्हणाला. “चवीचं माझ्याकडे मागू नकोस.”

कृती सोपी होती. आदल्या सायंकाळी संत्र्याच्या सालीसकट चकत्या, नाशपती, सफरचंद आणि डाळिंबाचे दाणे चिनी मातीच्या बरणीत भरावे. दालचिनी, चार लवंगा व खडीसाखर घालून वर तांबडे मद्य ओतावे आणि बरणीचे तोंड बांधावे. सकाळी सारे मलमलीच्या फडक्यात घालून टांगावे, आणि खाली जेवढे आपोआप ठिबकेल तेवढेच घ्यावे. ते मंद आचेवर कोमट करावे. उकळी फुटू देऊ नये.

“आणि एक ध्यानात ठेव,” वृद्ध म्हणाला. “फळाला जे द्यायचं असतं, ते एका रात्रीत ते देऊन टाकतं. गाळावं, पिळू नये.”

पहिल्या हिवाळ्यात व्यापाऱ्याने सारे यथासांग केले. दुःखाच्या घरी जावे, या रीतीने सारा गाव आला. प्रत्येकाने पेला संपवला, “छान झालंय हो” म्हटले आणि मांडी घालून न बसताच निरोप घेतला. दुसऱ्या हिवाळ्यात निम्मेच आले. पेय तेव्हाही निर्दोष होते. व्यापारी मात्र प्रत्येक घोट जिभेवर घोळवीत राहिला आणि स्वतःशी पुटपुटला, “अजून काहीतरी उणं आहे.”

तिसऱ्या पौषाची त्याने वर्षभर वाट पाहिली. स्वतःच्या वखारीतली उत्तमोत्तम फळे निवडली. द्वारकेचा पितळी डाव चिंच लावून लखलखीत घासला. शेवटच्या रविवारी सकाळी त्याने फडके टांगले, ठिबकलेले मद्य चाखले, आणि तो खचला. चव मागच्यासारखीच होती. चांगली, पण परकी.

त्याने फडक्याला हात लावला. आत फळे टपोरी फुगलेली होती. ‘अजून पुष्कळ आहे यात,’ त्याला वाटले. ‘सारे इथेच अडकून राहिले आहे.’ आणि दोन्ही हातांनी, दात आवळून, त्याने ते फडके पिळले. गडद धार लागली. रंग असा चढला की क्षणभर त्याला हर्ष झाला. मग त्याने घोट घेतला. सालीचा व बियांचा सारा कडवटपणा त्यात उतरला होता. त्याने साखर घातली, मग मध घातला. कडू ते कडूच राहिले, वर मिट्ट गोड झाले.

दुपारी वृद्ध आला. पाहुण्याने रिकाम्या हाताने येऊ नये, म्हणून त्याने स्वतःच्या घरी मुरवलेली बरणी बरोबर आणली होती. व्यापाऱ्याने अधीरपणे तीतले पेलाभर घेतले आणि एक घोट प्याला.

“हीच!” त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. “आजोबा, हीच ती चव! माझं बिघडलंय. आज पाहुण्यांना हेच देऊ या. कोणाला कळणार आहे?”

वृद्धाने व्यापाऱ्याच्या पातेल्यातले बोटभर चाखले. मग त्याने आपली बरणी उचलली, तो अंगणात गेला आणि लिंबोणीच्या बुंध्याशी ती पूर्ण पालथी केली.

व्यापारी धावला. मातीत लाल डाग तेवढा उरला होता. “काय केलंत हे? माझ्यावर कसला सूड उगवलात?”

“फाटक वाजलं,” वृद्ध म्हणाला. “पाहुणे आले. पेले मांड.”

नऊ जण आले होते. व्यापाऱ्याने मान खाली घालून पेले भरले. पहिल्याच घोटाला शेजारच्या काकूंनी तोंड वाकडे केले.

“अहो शेटजी, संत्री सोलायला विसरलात, की साली स्वस्त पडल्या?”

“असू द्या काकू,” निवृत्त हेडमास्तर म्हणाले, “औषध समजून घ्या. तुमचा खोकला जाईल.”

“माझा खोकला जाईल हो, पण मागून मीही जाईन, त्याचं काय?”

हसू उमटले आणि तिथेच विझले. कोणी म्हणाले, “वहिनी असत्या तर...” आणि वाक्य अर्धे टाकून शेगडीतले निखारे उगाच सारखे केले. मग एकाला गोठ्याची आठवण झाली, दुसऱ्याला सुनेच्या तापाची. जिथे पूर्वी दुसरी शेगडी पेटवावी लागे, ते घर दिवेलागणीलाच रिते झाले. नऊ पेले जवळजवळ भरलेलेच राहिले होते.

“आता तरी सांगा,” व्यापारी म्हणाला. “हातात आलेली चव तुम्ही मातीत का घातलीत?”

वृद्ध सावकाश म्हणाला, “दुपारी तू माझ्या बरणीतलं प्यालास. तीच चव होती, असं तूच म्हणालास. मग मला सांग, द्वारका आली का?”

वाऱ्याने कवाड हलले. दोघांनीही तिकडे पाहिले नाही.

“ते पेय मी वाढू दिलं असतं, तर लोक म्हणाले असते, वहिनींच्या हातची चव आली. तुझ्यावरच्या मायेपोटी दोन घटका जास्त बसलेही असते. तू ते खरं मानलं असतंस आणि पुढल्या पौषात पुन्हा पिळायला बसला असतास. बाबा रे, फळाला द्यायचं होतं ते त्यानं दिलं. तिनं अठ्ठावीस वर्षं दिलं. तुला दिलं, या गावाला दिलं. ते प्यालं गेलं, संपलं. फडक्यात उरलंय त्यात आता गोडी नाही. तू जितकं पिळशील, तितकं कडू निघेल. आणि त्या कडूलाच तू द्वारका म्हणू लागशील. तेवढं मला पाहवणार नव्हतं.”

“मग मी करू काय?”

“ते मला ठाऊक नाही,” वृद्ध म्हणाला. “ठाऊक असतं, तर दर पौषात मी तरी माझं रिकामं घर सोडून, बरणी उचलून दुसऱ्यांच्या घरी कशाला गेलो असतो?”

तो काठी टेकीत निघून गेला. व्यापाऱ्याने नऊ पेले ओतून टाकले, पातेले घासले, डाव पुसून खुंटीला लावला. शेवटी त्याने ते मलमलीचे फडके हौदाच्या गार पाण्यात धुतले. सवयीने त्याचे दोन्ही हात पिळण्यासाठी आवळले गेले, आणि थांबले. मग ते ओलेचिंब फडके त्याने दोरीवर टाकले आणि खाली ठिबकणारे पाणी, जेवढे येत होते तेवढे, येऊ दिले.