आडदऱ्याच्या टेकडीवरची तळी

आडदऱ्याच्या टेकडीवर, देवीच्या पाठीमागे, जात्यांच्या वरच्या तळ्या, फिरणारे दगड, पडल्या आहेत, साठ-सत्तर तरी. खालच्या तळ्या वाडीतल्या बंद घरांत. आलेल्या पाहुण्यांना वाडीतले म्हातारे लहूतात्या त्या मनसोक्त बघू देतात. मग सांगतात, पहिली तळी येसूची.

त्या काळी इथल्या उतारावरची नाचणी पौषापलीकडे पुरत नसे, म्हणे. पुरुष शहरात इमारतींच्या कामावर गेले, मागोमाग बायकांना निरोप आले. येसूला तान्ह्या लेकाला घेऊन निघायचं होतं. सासू चंद्राईला घाट उतरवत नव्हता. येसूच्या जिवाला घोर. पोराला तिथलं पाणी बाधलं तर? आपण परत आलोच नाही तर? सासूसाठी ठेवलेली नाचणीची टोपली तिने तीनदा झाकली, तीनदा उघडून पाहिली. शेवटी घरातली सगळ्यात जड वस्तू, जात्याची वरची तळी, डोक्यावर घेऊन ती टेकडी चढली. "आई, पोराला सुखरूप परत आण, तेव्हाच ही उतरवीन." देवीला अट घालणारी आपण कोण, असंही तिला वाटलंच, पण तळी तर वर आली होती.

खाली आली तर सासू उंबऱ्यात हसत बसलेली.

"देवीला दळायला बसवलंस व्हय गं?"

"आत्याबाई, तुमचं कसं व्हायचं?"

"माझं काय? एक दात, त्याला किती लागतंय! नीघ, ऊन चढंल."

येसू निघाली. महिन्याभराने, शहरात, दुकानातलं तयार पीठ परातीत ओतताना तिचा हात थांबला. टोपलीत नाचणी होती. पीठ नव्हतं.

पोराला पाठीशी बांधून ती तीन दिवस चालत आली, असे सांगतात. चुलीपाशी दोन गोटे होते, चिमूटभर भरड होती. टोपली जवळजवळ भरलेलीच. चंद्राईला जाऊन आठवडा झाला होता.

"तळी आणून देतो म्हटलं," शेजारचा भिकोबा सांगू लागला, "तर काठी उगारली माझ्यावर. नातवाचा नवस मोडतोस व्हय, म्हणाली. भाकरी नेली की म्हणायची, जेवलेय."

पोर पाठीवर खिदळत होतं. नवस पुरा झाला होता. येसूने तळी मात्र कधीच उतरवली नाही.

आजही आडदऱ्यातून शहराकडे निघणारी बाई आधी दळते. गिरणी आली तरी हातानेच. पीठ मागे राहणाऱ्यापुढे ठेवते. त्याने "पुरेल" म्हटल्याशिवाय तळी हलवायची नाही, असा दंडक आहे. कुणी "पुरणार नाही" म्हटल्याचं तात्यांच्या ऐकिवात नाही. म्हातारी माणसं पिठाकडे बघतसुद्धा नाहीत.