उंदीरराजाचे हस्तिदंत

मिठाईची दुकानं शेणानं सारवली जायची, त्या काळची ही गोष्ट. अशाच एका दुकानात गुलाबराव नावाचा उंदीर राहायला आला आणि आल्या दिवशीच त्यानं जाहीर केलं, "आजपासून कुरतडणं बंद! ती दळिद्री बिळातली कामं. आम्ही फक्त खवा आणि बासुंदी खाणार."

कोपऱ्यात बाभळीचा एक मोडका पाट पडला होता. त्यावर तो ऐटीत बसायचा आणि त्याला सिंहासन म्हणायचा.

महिनाभरात त्याचे पुढचे दात ओठांबाहेर डोकावू लागले. गुलाबराव हरखून गेला. "बघा, हस्तिदंत! आमचं मूळ घराणं हत्तीचंच."

पुढच्या महिन्यात मात्र वरचे दात खाली आणि खालचे वर असे काही वाढले, की समोरचा पेढा तोंडात शिरेना. राजेसाहेब वाळून काडी झाले. शेवटी वळचणीला राहणाऱ्या म्हाताऱ्या खारीला, चिमाआत्याला, बोलावणं गेलं.

तिनं तोंड पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, आपल्यासारख्यांचे हे दात मरेपर्यंत वाढतात. आपण कुरतडतो ते पोटासाठी कमी आणि दात झिजवायला जास्त! टणक काहीतरी शोध आणि लाग कामाला."

दुकानात सगळंच मऊ. टणक असं एकच होतं.

गुलाबराव रडला, रुसला आणि मग मान वाकडी करून सिंहासनाचा कोपरा कुरतडू लागला. पंधरा दिवसांनी दात जागेवर आले, तेव्हा पाटाचा भुसा झाला होता.

आत्यानं पेढा पुढे केला. "घ्या, राजे."

भुशात बसलेला गुलाबराव म्हणाला, "पेढा राहू दे गं, आत्या. आधी एखादी करवंटी मिळते का बघ."