पैजेत गेलेला आवाज

सरका जरा, धाकट्याला पाय पसरू दे. हं, आता ऐका.

झालं काय एकदा, खाडीच्या तोंडाशी एक लहानसं बंदर होतं. तिथं दोन दोस्त राहायचे, इलियास आणि मुर्तुजा. इलियासचा आवाज असा, की मशिदीत त्यानं अजान दिली की जाळी ओढणारे हात थांबायचे. धुकं पडलं की तो काठावरून हाका मारायचा, आणि त्या हाकेच्या रोखानं होड्या घरी यायच्या. मुर्तुजाचा आवाज आपला साधाच. पण त्याची एक होडी होती, आणि होडी चालवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

इलियासची एक म्हातारी आई होती. तिला दिसत नव्हतं, बरं का. इलियास दारातूनच म्हणायचा, "अम्मा, मी आलो." मगच ती जेवायला बसायची.

एके दिवशी दोघं दोस्त काठावर बसले होते. समोर खडकावर दोन बगळे. मुर्तुजा म्हणाला, "आधी डावीकडचा उडेल. लावतोस पैज?"

"लाव."

उडाला उजवीकडचा. मुर्तुजाचा नवा रेशमी साफा इलियासच्या डोक्यावर गेला. दोघं खूप हसले.

तेवढ्यात खतीबचाचा आले. खतीब म्हणजे मशिदीत प्रवचन देणारे. ते म्हणाले, "बाळांनो, पोहण्याची शर्यत लावा. जिंकेल त्याला मी खुशीनं खजूर देईन. पण एकाचं जाईल तेव्हाच दुसऱ्याला मिळेल, असा डाव मांडू नका. तो जुगार. आपल्या दीनमध्ये, म्हणजे धर्मात, तो हराम आहे."

"चाचा, आम्ही दोस्त आहोत. गंमत केली."

"दोस्त आहात म्हणूनच सांगतो. जुगार आधी वस्तू नेतो, मग दोस्ती नेतो. 'चल, पैज लावू' असं तोंडून निघालंच, तर जाऊन कुणा गरिबाला काहीतरी द्या आणि ते विसरून जा."

दोघांनी माना हलवल्या. पण चाचा वळले, आणि मुर्तुजाला इलियासच्या डोक्यावरचा साफा दिसला. हरलेल्याला काय वाटतं, ठाऊक आहे? आणखी एकदाच.

मग दुसऱ्यांदा पैज लागली. मुर्तुजानं होडी लावली. तीही गेली. आता इलियासनं ती परत द्यायची ना? नाही दिली. "पैज ती पैज," म्हणाला, आणि होडी घेऊन निघून गेला. त्या दिवशी मुर्तुजाच्या घरी चूल पेटली नाही. त्याची बायको थंड चुलीपुढे नुसती बसून राहिली.

मग मुर्तुजा तिसऱ्यांदा आला. डोळे लाल. म्हणाला, "माझ्याकडे आता काही नाही. हरलो तर जन्मभर तुझी जाळी ओढीन. तू काय लावतोस?"

इलियासला जिंकण्याचा माज चढला होता. तो म्हणाला, "मी माझा आवाज लावतो, जा!"

बगळा उडाला. या वेळी डावीकडचा, मुर्तुजानं म्हटलेला. इलियासनं हसण्यावारी न्यायला तोंड उघडलं, तर आवाजच नाही. मुर्तुजा ओरडला, "जिंकलो!" आणि तो आवाज होता इलियासचा.

इलियासनं हात जोडले, घशाकडे बोट दाखवलं. मुर्तुजा म्हणाला, "तूच म्हणालास ना? पैज ती पैज."

मग दोस्ती कसली राहते? एक या काठानं जायचा, दुसरा त्या. मुर्तुजा लग्नघरी गायचा, लोक त्याला मिठाई द्यायचे. पण स्वतःच्याच तोंडून दोस्ताचा आवाज आला, की हातातली मिठाई तो खाली ठेवायचा.

आणि अम्मा? शेजारणी तिला सांगायच्या, "त्याचा घसा बसलाय. होईल बरा." पावसाळा गेला, थंडी आली. इलियास तिच्याजवळ बसायचा, तिचे पाय चेपायचा. अम्मा म्हणायची, "हात तर माझ्या लेकाचा. मग बोलत का नाहीस रे? रुसलास माझ्यावर? माझं काही चुकलं असेल तर सांग ना." तो तिच्या हातावर डोकं टेकायचा. तिचा हात भिजायचा. पण शब्द कुठून आणणार?

मग अम्मा फार आजारी पडली. जेवेना, पाणी घेईना. एकच म्हणायची, "माझा लेक माझ्याशी बोलला नाही."

शेजारणीनं जाऊन मुर्तुजाला गाठलं. "अरे, तुलाही तिनं भाकरी भरवलीय ना?"

मुर्तुजा धावत आला. दारातूनच म्हणाला, "अम्मा, मी आलो."

अम्माचा चेहरा दाराकडे वळला. तिच्या हातात इलियासचा हात होता, तो तिनं सोडून दिला, आणि दोन्ही हात दाराकडे पसरले. "आलास? माझ्या बाळा, आलास?"

इलियास शेजारीच बसला होता. सुटलेल्या हाताकडे बघत.

मुर्तुजाला ते पाहवेना. तो गुडघ्यांवर पडला. "अम्मा, मी मुर्तुजा. हा आवाज तुमच्या इलियासचा आहे. मी तो पैजेत घेतला. तो रुसला नाही, अम्मा. तो रोज तुमच्याजवळच होता."

अम्माला ते समजायला वेळ लागला. मग ती चाचपडत इलियासकडे वळली. पुटपुटली, "जे आपलं नाही ते परत द्यावं, बाळांनो. दोघांनीही."

मुर्तुजा म्हणाला, "इलियास, तुझं तू घे. मला माफ कर." आणि तो आवाज त्याच्या ओठांवरून निघून गेला.

"अम्मा!" इलियास म्हणाला. "अम्मा, मी आहे!"

पण अम्माचा श्वास थांबला होता.

तिनं ऐकलं का? मला ठाऊक नाही रे. ही गोष्ट सांगणाऱ्या माझ्या नानीलाही ठाऊक नव्हतं. अल्लाला ठाऊक.

इलियासनं होडी आणि साफा मुर्तुजाच्या दारी नेऊन ठेवला. तोही माफी मागून रडला. मुर्तुजालाही त्याचा साधा आवाज परत मिळाला. दोघांनी मिळून अम्माच्या जनाज्याला खांदा दिला. पुढे मुलंबाळं झाली, होड्या भरून मासळी आली, दोघं एका ताटात जेवले. बंदरात सगळं सुखाचं झालं. फक्त अजान देताना इलियास मध्येच जरा थांबायचा, आणि मुर्तुजा मान खाली घालायचा.

चला, हात पांघरुणात घ्या. सकाळी तुमची अम्मी उठवायला येईल, तेव्हा पहिल्याच हाकेला ओ द्या बरं. झोपा आता.