टिटवीला खाज सुटली तर

एका रानात, ओढ्याकाठच्या बाभळीवर, सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे. मुलांनो, यांना सातभाई म्हणतात म्हणून मोजायला बसू नका. कधी सहा भरतात, कधी नऊ, आणि त्यांत बहिणी असतात, आत्याही असते. एवढं मात्र खरं, की ते कधी एकटे दिसायचे नाहीत. पाचोळा उकरतील तर सगळे मिळून, भांडतील तर सगळे मिळून. दिवस मावळला की एकाच फांदीवर अंगाला अंग लावून ओळीने बसतील. मग प्रत्येक जण शेजारच्याच्या मानेवरची पिसं चोचीने सारखी करतो आणि तशीच सगळ्यांना झोप लागते. त्या ओळीत ज्याला जागा असते, त्याला कशाची भीती वाटत नाही.

या थव्यातल्या एका सातभाईला एक खोड होती. तो मनातल्या मनात काहीतरी विचार करी आणि एकटाच हसे. बाकीचे निमूट किडे टिपत असत आणि हा मध्येच चोच वर करून खुदकन हसे. खडकावरचा सरडा मान हलवताना दिसला की याला वाटे, 'हा सकाळपासून हो हो म्हणतोय, पण याला कुणी काही विचारलंय का?' झालं! मग आठवून आठवून हसण्यात त्याचा अर्धा दिवस जाई.

बरं, ही गंमत त्याला एकट्याला नको होती. तो धावत भावाकडे जाई आणि म्हणे, "अरे, तो सरडा बघ ना!"

"बघितला. आपल्याला खाता येईल एवढा लहान नाहीये," असं म्हणून भाऊ पुन्हा पाचोळ्यात तोंड खुपसे.

त्याला फार वाटे, की एकदा, निदान एकदा तरी, आपण हसावं आणि शेजारी बसलेल्या कुणीतरी आपल्याबरोबर हसावं. त्यासाठी एक दिवस उपाशी राहायची त्याची तयारी होती.

पण एकट्याचं हसणं फार दिवस खपत नाही. ज्या भावाच्या शेपटीचं पीस गळालं होतं, त्याला वाटू लागलं, हा माझ्या शेपटीला हसतो. भित्र्या बहिणीला वाटलं, हा मला भित्री म्हणून हसतो. थव्यातली थोरली आत्या मोठी करारी होती. तिच्या शब्दावर थवा उडे आणि तिच्या शब्दावर बसे. हे हसणं ऐकलं, की पक्ष्याला कपाळ असतं तर तिच्या कपाळाला नक्की आठी पडली असती.

सातभाईंमध्ये पहाऱ्याची पाळी असते. बाकीचे खाली चरत असताना एकाने उंच फांदीवर बसायचं आणि पाखरांवर झडप घालणारा शिक्रा दिसला की ओरडायचं. त्या दिवशी पाळी आपल्या या हसऱ्याची होती. खाली वाळवीचं वारूळ फुटलं होतं, म्हणजे मेजवानीच. हसरा डोळ्यांत तेल घालून पहारा करत होता. तेवढ्यात ओढ्याच्या वाळूत बसलेली टिटवी त्याला दिसली. टिटवीबद्दल रानात सांगतात, की आभाळ कोसळलं तर पेलता यावं म्हणून ती पाय वर करून झोपते. हसऱ्याच्या मनात आलं, 'समजा, कोसळलं. समजा, हिने पेललंही. आणि नेमकी तेव्हाच मुंगी चावली तर? ही खाजवणार कशाने?'

आणि तो एकदम एवढ्या मोठ्याने हसला, की खाली सगळ्यांना वाटलं, शिक्रा आला! जो तो जिवाच्या आकांताने करवंदीच्या जाळीत शिरला. काटे टोचले, पिसं उपटली गेली. शिक्रा काही आला नाही. सगळे बाहेर येऊन बघतात तो वाळवी केव्हाच जमिनीत गडप झालेली. हातातोंडाशी आलेला घास गेला.

"काय झालं होतं?" आत्याने विचारलं.

हसऱ्याने सगळं सांगितलं. टिटवी, आभाळ, मुंगी. सांगता सांगता त्याला पुन्हा हसू आलं आणि त्याने मोठ्या आशेने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. कुणीच हसलं नाही.

"पण आभाळ खरंच पडणार आहे का?" भित्र्या बहिणीने घाबरून विचारलं.

"टिटवीचं कशाला नाव घेतोस? आम्हाला पळताना बघून हसलास तू!" शेपटीचं पीस गळालेला भाऊ ओरडला.

आत्या म्हणाली, "हे बघ, एक तर हे हसणं सोड, नाहीतर ही फांदी सोड."

हसऱ्याला वाईट वाटलं आणि रागही आला. तो ओढ्यापलीकडच्या ऐनाच्या झाडावर जाऊन राहिला. पहिल्या दिवशी तो पोटभर हसला. तिथे अडवायला कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही हसला, पण हसून झाल्यावर सवयीने त्याने शेजारी बघितलं. शेजारी नुसती फांदी होती. संध्याकाळी त्याने ओढ्यापलीकडे बघितलं. बाभळीवर ओळ बसली होती. आपली जागा मोकळी दिसेल असं त्याला वाटलं होतं. पण सगळे जरा जरा सरकले होते आणि ती जागा केव्हाच भरून गेली होती. त्याला रडू कोसळलं. त्याच्या मानेवरची पिसं विस्कटलेलीच राहिली, कारण आपल्या मानेपर्यंत आपली चोच पोहोचत नाही.

शेवटी तो खाली मान घालून परत आला. "आत्या, मी आता हसणार नाही," तो म्हणाला.

आत्याने त्याला ओळीच्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला जागा दिली. हसऱ्याने शब्द पाळला. मनात काही गमतीचं आलं की तो फांदीच्या सालीवर चोच आपटी. हळूहळू मनात येणंही कमी झालं. सरडा मान हलवी आणि त्याला तो नुसता सरडा दिसे. सगळे म्हणू लागले, "बघा, कसा सुधारला!" अंगाला ऊब मिळत होती, मानेची पिसं सारखी होत होती. तरी रोज संध्याकाळी त्याला काहीतरी हरवल्यासारखं वाटे, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

पुढे आत्याने त्याच बाभळीवर घरटं केलं, निळीशार अंडी घातली आणि ती उबवायला बसली. अंडी निवता कामा नयेत म्हणून ती जागची हलत नसे. थव्यातले सगळे पाळीपाळीने तिला घास आणून देत. एका दुपारी एक लाल मुंगी घरट्यात चढली आणि आत्याच्या बरोब्बर पोटाखाली जाऊन कडकडून चावली. आता काय करणार? उठावं तर अंडी उघडी पडतात. पायाने खाजवावं तर पाय अंड्यांत अडकलेले. आत्या दात-ओठ खाऊन, म्हणजे तुमच्याआमच्या भाषेत हो, तशीच बसून राहिली. मुंगी दुसऱ्यांदा चावली. आणि आत्याला एकदम ती टिटवी आठवली.

थोरली, करारी आत्या घरट्यात बसून एकटीच खो खो हसू लागली.

सगळा थवा धावून आला. "आत्या, कुणाला हसतेस?" शेपटीचं पीस गळालेल्या भावाने विचारलं. आत्याला हसू आवरेना, सांगता येईना. "टिटवी... मुंगी..." एवढंच ती म्हणे आणि पुन्हा हसे.

"हिचं डोकं फिरलं!" तो म्हणाला. "वेडीला अंड्यांवर बसवायचं नाही. उठवा हिला!"

दोघे-तिघे तिला ढकलायला पुढे सरसावले. हसऱ्याच्या चोचीत आत्यासाठी आणलेली अळी होती. आत्याने सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. ती नजर हसऱ्याला चांगली ओळखीची होती. हसता हसता शेजारी कुणी सापडतं का, हे शोधणारी ती नजर होती. तो हसला, तर टोकाची ती जागाही जाणार होती. ओढ्यापलीकडचं ऐनाचं झाड त्याला आठवलं. आणि मग त्याला आभाळ पेलून अवघडलेली टिटवीही आठवली. त्याच्या चोचीतून अळी खाली पडली आणि तो हसला. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं हसला.

"अरे," आत्या म्हणाली, "त्या दिवशी मला हसू आलं नाही, कारण मला मुंगी चावली नव्हती!"

दोघं एकमेकांकडे बघून हसत राहिली. ढकलायला आलेले जागीच थांबले. एक हसत होती तेव्हा ती वेडी होती. आता दोघं हसत होती, म्हणजे यात काहीतरी असणार! भित्री बहीण पुढे होऊन म्हणाली, "मलाही सांगा ना." सांगितलं. तिला काही ते कळलं नाही, पण तिने ते पुन्हा सांगायला लावलं.

त्या संध्याकाळी आत्या घरट्यात होती, म्हणून ओळीच्या मधोमध तिची जागा मोकळी होती. "तिथे बस," तिने घरट्यातून हसऱ्याला सांगितलं. तो बसला. अंधारून येत होतं, सगळ्यांचे डोळे मिटत आले होते, आणि हसऱ्याला काहीतरी सुचलं. त्याने पुष्कळ आवरलं. पण दाबलेल्या हसण्याने फांदी गदागदा हलली आणि कडेचा, शेपटीचं पीस गळालेला भाऊ धप्पकन खाली पडला. हसऱ्याने चटकन चोच मिटली. भाऊ कुरकुरत वर आला, दोघांना ढकलून हसऱ्याला खेटून बसला आणि म्हणाला, "बरं, आता काय सुचलं? सांग."

तात्पर्य : एकटा हसला तर वेडा ठरतो, आणि दोघे हसले की त्यालाच गंमत म्हणतात, म्हणून एकट्याने हसणाऱ्याला दूर लोटण्याआधी जवळ बसून त्याला विचारावे, "काय सुचलं?"