उत्तरांच्या ओट्याचं शुल्क

टेकाडवाडी नावाच्या गावात येसबा नावाचा एक भोळा राखणदार होता. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळी पंचाईत तीच होती.

तो राखायचा उत्तरांचा ओटा. गावाबाहेर गवती छपराखाली एक लांबलचक ओटा, त्यावर मडकी. कुणाला गावाबद्दल काही जाणून घ्यायचं असलं, की त्याने मडकं मांडायचं आणि प्रश्नाची दवंडी पिटवायची. मग प्रत्येक घरातून एक दाणा मडक्यात पडायचा. ‘हो’ म्हणायचं तर तुरीचा, ‘नाही’ म्हणायचं तर हरभऱ्याचा. वैद्य येत, मास्तर येत, पाखरांचे अभ्यासक येत. दाणे मोजत आणि शहाणे होऊन जात. सगळं फुकट.

पण छप्पर गळू लागलं, मडकी तडकू लागली, उंदीर उत्तरं खाऊ लागले. त्यातच एक मडकं फार मोलाचं होतं. ‘आपली विहीर उन्हाळ्यात पुरते का?’ ते पाहायला तालुक्याचे साहेब येणार होते. गाव ‘नाही’ म्हणालं, तर नवी विहीर मिळणार होती.

ओट्याचे कारभारी होते अच्युतगुरुजी. फार शिकलेले, त्यामुळे कशाचीच खात्री नसलेले. त्यांनी पुष्कळ विचार केला. मग आपण विचार बरोबर केला का, याचा विचार केला. शेवटी म्हणाले, “येसबा, आजपासून शुल्क. जो ओटा वापरेल, त्याने शेरभर ज्वारी द्यायची. मग तो कुणी का असेना.”

“बरं, गुरुजी. ध्यानात ठेवलं.”

थोड्या वेळाने गोदाक्का मोळी टेकवून ओट्यावर बसल्या. येसबाने हात पुढे केला.

“शेरभर ज्वारी.”

“मुडद्या, दम खायला ज्वारी?”

“दम खा नाहीतर भाकर खा, आक्का. ओटा वापरलात.”

आक्का मोळी उचलून शिव्या देत गेल्या. मग छप्पर शाकारायला केरबा आला. ओट्यावर पाय देऊन वर चढला. येसबाने त्याच्याकडेही शेर मागितला. केरबा उतरला, गवताचा भारा उचलला आणि घरी गेला. छप्पर तसंच राहिलं.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. ‘आपणच नीट सांगितलं नसेल,’ त्यांना वाटलं. “अरे, जो गावाच्या कामासाठी येतो, त्याच्याकडून घेऊ नये. उलट त्याला पोटभर जेवू घालावं.”

“बरं, गुरुजी. ध्यानात ठेवलं.”

दुसऱ्या दिवशी वैद्यबुवा नवं मडकं घेऊन आले. ‘यंदा घरात कुणाला ताप आला का?’

“कशासाठी आलात, बुवा?”

“गावाच्याच कामासाठी रे.”

येसबाने पाट मांडला. आदल्या दिवशी इतरांकडून शुल्क म्हणून जमलेली सगळी ज्वारी दळून आणली आणि बुवांना भाकऱ्या वाढल्या. बुवा ढेकर देत गेले. ही वार्ता पसरली. परगावचे दोन अभ्यासक भल्या पहाटे उपाशीपोटी हजर झाले.

“चुकलं माझं,” गुरुजी म्हणाले. “मी मोघम बोललो. असं कर, ज्याला उत्तर मिळतं त्याच्याकडून घे. आधी शुल्क, मग उत्तर.”

“बरं, गुरुजी. ध्यानात ठेवलं.”

तेवढ्यात गोदाक्का धापा टाकत आल्या. “येसबा, माझी शेळी पाहिलीस का?”

“आधी शेरभर ज्वारी.”

“अरे, पाहिलीस की नाही?”

“ते उत्तर झालं, आक्का. आधी शुल्क.”

आक्कांनी घरी जाऊन ज्वारी आणली. येसबाने ती मापून घेतली आणि बोट दाखवलं. शेळी त्याच्या पाठीमागेच होती. वैद्यबुवांच्या मडक्यात तोंड घालून साऱ्या गावाचा ताप खात होती.

“गरिबाला सवलत द्यावी रे!” गुरुजी कळवळले. “गरिबाकडून, शिकणाऱ्याकडून अर्धंच घ्यावं.”

“बरं, गुरुजी. ध्यानात ठेवलं.”

मग चिमण्यांचा अभ्यास करणारी रेवती आली. तिने अर्धा शेर ज्वारी दिली. येसबाने तिचं मडकं आणलं, कोयता घेतला आणि मधोमध हाणला.

“हे काय केलंस, येसबादादा?”

“अर्धं शुल्क, अर्धं मडकं. कुठलं अर्धं हवं, बाई?”

रेवती खापरांतून दाणे वेचत बसली. तिच्याबरोबर गुरुजीही वेचायला बसले. “येसबा,” ते वाकल्या वाकल्या म्हणाले, “दारात आलेल्यापुढे हात आखडू नये. जे असेल ते सगळं पुढे करावं. उद्या साहेब येतील, तेव्हा हे विसरू नकोस. साऱ्या गावाचं पाणी त्यांच्या हातात आहे.”

“साहेब गावाच्याच कामाला येणार ना?”

“गावाच्याच.”

“बरं, गुरुजी. ध्यानात ठेवलं.”

दुसऱ्या दिवशी गुरुजी साहेबांना आणायला फाट्यावर गेले. वाटेत त्यांना सारखं वाटत होतं, काहीतरी सांगायचं राहिलं. ओट्यापाशी पोचले, तेव्हा साहेबांसाठी पाट मांडलेला होता आणि लसणाच्या फोडणीचा घमघमाट सुटला होता.

“वा!” म्हणत साहेब बसले. चार घास खाल्ले. मग त्यांचे कान लाल झाले.

“फारच तिखट! बरं, ते विहिरीचं मडकं कुठे आहे?”

“त्याचीच उसळ, साहेब,” येसबा म्हणाला. “गावाच्या कामाला आलात, म्हणून जेवू घातलं. ज्वारी त्या परगावच्या अभ्यासकांनी संपवली होती. मग जे होतं ते सगळं पुढे केलं.”

गुरुजींनी धावत जाऊन विहिरीच्या मडक्यात हात घातला; आत एक दाणा नव्हता. साहेबांना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“पाणी! पाणी द्या!”

“पाणी उसळीत संपलं, साहेब.”

“मग विहिरीवरून आणा!”

“विहिरीत कुठलं? चिखल आहे.”

साहेब ताडकन उठले. ठसकत, नाक पुसत विहिरीपर्यंत धावले, आत डोकावले आणि तसेच धावत परत आले. “गुरुजी,” ते कसेबसे म्हणाले, “नवी विहीर... मंजूर!”

गुरुजींच्या जिवात जीव आला. साहेबांना निरोप द्यायला त्यांनी हात जोडले. तेवढ्यात येसबा शेराचं माप घेऊन वाटेत आडवा उभा राहिला.

“साहेब, उत्तर आधीच मिळालं. शुल्क राहिलं.”

“येसबा!” गुरुजी किंचाळले.

येसबाने साहेबांच्या ताटात वाकून पाहिलं. अर्धी उसळ तशीच होती.

“बरं, गुरुजी,” तो समजुतीने म्हणाला, “अर्धंच घेतो.”