कधीच न उघडणारा डबा

"पण उघडायचाच कशाला, चाचा?"

हेरंब उपळेकरने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. दर्ग्याच्या ओट्यावर, चाचांच्या चहाच्या किटलीशेजारी, त्याने आणलेला काळा डबा उभा होता. उंचीने कळशीएवढा, डोक्याकडे घुमटासारखा गोल.

चाचांनी डब्याकडे पाहिले. मग किटलीकडे पाहिले.

"उघड," ते म्हणाले.

"उघडत नाही. तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे."

"आत काय आहे?"

"जॉइंट."

"कशावरून?"

हेरंबने डब्यावर बोटाने वाजवून पाहिले. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

टेलिफोनची केबल जमिनीखालून जाते. तिच्यातल्या काचेच्या, केसाएवढ्या तारा जिथे एकमेकींना जोडतात, तिथे तो जोड एका ताटलीत निजवतात, ताटली अशा डब्यात घालतात आणि डबा खड्ड्यात ठेवतात. पाणी, मुंग्या आणि उंदीर यांना बाहेर ठेवणे एवढेच डब्याचे काम. त्याला झाकण असते, झाकणाला रबराची कडी असते, आणि कडी बसावी म्हणून बोल्ट असतात.

हेरंबच्या डब्याला बोल्ट नव्हते. त्याने जोड करून आत रेझिन ओतले होते. ते सुकून दगड झाले होते.

"माणसाचा हात लागला की बिघडतं, चाचा. मी हातच काढून टाकला."

"कुणाचा?"

हेरंबने पिशवीतून फॉर्म काढला.

घाटाखालच्या रस्त्यावरचे सेहेचाळीस जॉइंट नव्याने करायचे होते. सगळे आपल्या पद्धतीने, कायमचे बंद करावेत, असा हेरंबचा प्रस्ताव होता. वरिष्ठांना तो पसंत होता, कारण वाचायला बारा पाने होती. अट एकच. एखाद्या जुन्या, अनुभवी जॉइंटरचा अभिप्राय आणि सही हवी. असा जॉइंटर त्या बाजूला एकच उरला होता, रसूल मुजावर. छत्तीस वर्षे खात्यात केबली जोडून ते निवृत्त झाले होते आणि घराण्याकडे चालत आलेली पिराची दिवाबत्ती आता स्वतः बघत होते. पांढऱ्या दाढीमुळे येणारे-जाणारे त्यांना फकीर समजून वाकून नमस्कार करत. चाचा तो घेत. पेन्शनरपुढे एरवी कोण वाकतो.

नोकरीचे पहिले वर्ष हेरंबने त्यांच्याच हाताखाली काढले होते. सही मिळणार याबद्दल त्याला शंका नव्हती.

"फॉर्म ठेव तिथं," चाचा म्हणाले. "दुसरं काय काम काढलंस?"

हेरंबने घसा साफ केला. हे काम सांगताना वाईट वाटते आहे असे दिसावे, अशी त्याची इच्छा होती. ते त्याला नीट जमले नाही.

"घाटातल्या लाइनीचा सिग्नल आठवडाभर दुपारी पडतोय. सकाळी ठीक, ऊन चढलं की कमी. मशीन लावलं. दोष नेमका इथं दाखवतंय. या समोरच्या खड्ड्यात."

"हां…"

"तो तुमचा जॉइंट आहे, चाचा."

"गेला का?" चाचांचा चेहरा उजळला. "बरं झालं. त्या निमित्तानं तू आलास."

अशा उत्तराने माणसाचा विजय अर्ध्यावर राहतो. हेरंब खड्ड्याकडे गेला.

खड्ड्यावरची फरशी लाइनमन शिवाप्पा बिद्रेने आधीच सरकवून ठेवली होती. शिवाप्पा पन्नाशीचा, जाडजूड, कमी बोलणारा. वर्षभरात हेरंब त्याच्याशी कामापुरतेच बोलला होता, आणि तेही तोंड दुसरीकडे करून.

कारण बेडूक.

मागच्या पावसाळ्यात हेरंबने स्वतःच्या हाताने केलेल्या पहिल्या जॉइंटमध्ये पाणी शिरले. तालुक्यातले फोन तीन दिवस मुके झाले. तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात, दहा माणसांसमोर डबा उघडला तो शिवाप्पाने. आधी पाणी आले. मग एक बेडूक आला, आणि खात्याच्या माणसाला शोभेल अशा सावकाश चालीने निघून गेला. शिवाप्पा हसला. समोरचे दहाही हसले. तेव्हापासून हेरंब कार्यालयात बेडूकसाहेब होता. खात्यात बढती फाईलने मिळते, पण नाव असेच मिळते.

त्या दिवशी हेरंबने ठरवले होते, यापुढे आपला जॉइंट कोणी उघडणार नाही. कधीच.

तो खड्ड्यात उतरला. चाचांच्या डब्याचे बोल्ट पान्याच्या एकेका वळशात सुटले. झाकण निघाले. आत कोरडे होते. ताटलीत तारेची वेटोळी होती, पण त्याच्या अपेक्षेपेक्षा फार जास्त. आणि ताटलीच्या कडेला एक प्लास्टिकची पुडी खोचलेली होती.

"हे काय?"

"चिठ्ठ्या," ओट्यावरून चाचा म्हणाले. "वाच."

"आधी काम करतो."

त्याने पुडी काठावर टाकली. एक जोड कापला, नव्याने केला. मशीन लावले. दोष तसाच.

परत कापला. परत केला. दोष तसाच.

ऊन चढत होते. शिवाप्पा काठावर बसून स्वतःच्या चपलेकडे बघत होता. चपलेत बघण्यासारखे काही नव्हते.

हेरंबने तिसऱ्यांदा कात्री उचलली.

"बाळ," चाचा म्हणाले, "तार संपंल."

कात्री थांबली. हेरंबने घाम पुसला, हात लांब करून पुडी घेतली आणि चिठ्ठ्या मोजल्या. आठ होत्या. त्याच्या मनात काहीतरी सुखावले.

"आठ वेळा उघडलाय हा डबा, चाचा? इतक्या वेळा बिघडला तुमचा जॉइंट? कार्यालयात तर तुमच्या जॉइंटच्या आख्यायिका सांगतात."

"पहिली चिठ्ठी माझी. शेवटची मोजू नकोस. उरल्या सहा."

"सहा तर सहा. सहा वेळा बिघडला."

"सहा वेळा बरा झाला," चाचा म्हणाले, आणि किटली शेगडीवर ठेवली.

हेरंबने पहिली चिठ्ठी उलगडली. पेन्सिलीने लिहिलेली होती, अक्षर ठसठशीत.

*फेब्रुवारी २००१. र. मुजावर. तार नियमापेक्षा दुप्पट ठेवली आहे. साहेब लोकांनी रागावू नये. पुढे येणाऱ्यांना लागेल.*

दुसरी वेगळ्या हाताची होती.

*नांगराने केबल ओढली. तुमच्या तारेतली हातभर वापरली. आभारी आहे. वि. सुतार.*

तिसरी.

*मुंग्या. रबराची कडी बदलली. ओट्यावर सावली आहे, पण जेवायला बसू नये. तिथेही मुंग्या.*

चौथी.

*सुतार, तुमची चिठ्ठी वाचली. नांगरवाला तोच आहे. या वेळी चहा पाजला त्याने. द. कुरणे.*

हेरंब ओठांतल्या ओठांत हसला आणि लगेच थांबला. आपण कामावर आहोत हे त्याला आठवले.

पाचवी चिठ्ठी म्हणजे फक्त तारीख आणि नाव. सहावी ओळखू न येणाऱ्या अक्षरात, *तार जपून कापा. अजून बरेच जण यायचे आहेत.*

हेरंबने हातातली कात्री खाली ठेवली.

"या माणसांची एकमेकांशी ओळख होती?" त्याने विचारले.

"सुतार सांगलीला बदलून गेला, तेव्हा कुरणे नोकरीलाच लागला नव्हता."

"मग हे…"

"सातवी वाच," चाचा म्हणाले.

हेरंबने सातवी उलगडली. ती पावसात भिजून वाळलेली होती. अक्षर गिचमिड, घाईतले.

*ताटलीच्या खाली, मागल्या अंगाला, प्लास्टिकची पट्टी माझ्या हातून जास्त आवळली गेली. सोडवायला बसलो तर डब्यात पाणी शिरेल असा पाऊस आहे. आज चालतंय म्हणून तशीच ठेवली. उन्हाळ्यात त्रास देईल. पुढच्याने बघावे. चूक माझी.*

खाली नाव होते. *शि. रा. बिद्रे.*

हेरंबने मान वर केली.

शिवाप्पा अजून चपलेकडेच बघत होता.

"शिवाप्पा…"

"लई पाऊस होता, साहेब."

"तुला माहीत होतं? दोष कुठं आहे ते?"

"वाटलं होतं, तीच असंल म्हणून."

"मग दोन तास सांगितलं का नाहीस?"

शिवाप्पाने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिले.

"विचारलंत कुठं?"

चाचा कपात चहा ओतत होते. चहा ओतायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ त्यांना लागत होता.

हेरंबने ताटली उचलून मागे बोट घातले. पट्टी होती. उन्हाने डबा तापला की ती तारेच्या नळीला चावत होती, सकाळी पकड सोडत होती. त्याने कात्रीचे टोक अलगद खाली सरकवले.

टक्.

मशीनवरचा आकडा जागेवर आला.

दूर घाटात एक ट्रक गिअर बदलत होता.

"तू माझ्यावर हसला होतास," हेरंब खड्ड्यातूनच म्हणाला. "त्या दिवशी."

"बेडकावर हसलो, साहेब."

"मला बेडूकसाहेब कोणी केलं मग?"

"ते अकाऊंटच्या बाईंनी." शिवाप्पा जरा थांबला. "त्या तिथं नव्हत्याच. मीच जाऊन सांगितलं… ते तेवढं चुकलं."

हेरंबला राग यायला हवा होता. तो आलाही, पण सातवी चिठ्ठी पुन्हा हातात आली होती, त्यामुळे राग ठेवायला जागा सापडेना.

आठवी चिठ्ठी त्याने शेवटी उघडली. ती कोरी होती.

"चाचा, यावर काही लिहिलेलं नाही."

"ती तुझी."

"माझी?"

"प्रत्येकानं आपली लिहायची आणि पुढच्यासाठी एक कोरी ठेवायची. खड्ड्यात बसल्यावर माणसाला कागद कुठनं मिळणार?"

शिवाप्पाने कानावरची पेन्सिल काढून खाली दिली. हेरंबने चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली. बारा पानांचा प्रस्ताव त्याने एका बैठकीत लिहिला होता. या चिठ्ठीला त्याला चहा निवेपर्यंत वेळ लागला.

तारीख घातली. नाव घातले. पट्टी काढली, असे लिहिले. मग थांबला… मग लिहिले, *आधी चिठ्ठ्या न वाचता दोनदा जोड केला. चार बोटं तार वाया घालवली. पुढच्याने आधी वाचावे.*

नावापुढे त्याने कंसात आणखी एक शब्द घातला.

शिवाप्पाने वरून वाकून पाहिले. त्याचे पोट हलायला लागले. मग खांदे. मग त्याने तोंडावर टॉवेल धरला.

"हस," हेरंब म्हणाला. "पण या वेळी कोणाला सांगायचं नाही. ज्याला वाचायचंय तो इथं येऊन वाचेल."

त्याने खिशातल्या वहीचे एक पान फाडून कोरेच पुडीत घातले. बाकीच्या चिठ्ठ्या क्रमाने लावल्या. रबराची कडी पुसली, बसवली, झाकण घातले. बोल्टवर पाना चढवला आणि सवयीने शेवटचा एक जोरकस वळसा द्यायला गेला.

अर्ध्यावर थांबला. सोडून दिला.

वर आल्यावर त्याला दिसले की चाचा त्याच्या काळ्या डब्यावर बसले आहेत. पाय सैल सोडून, आरामात, हातात कप.

"चाचा, तो नमुना आहे."

"चांगला आहे. डुगडुगत नाही."

हेरंब ओट्यावर टेकला. मुंग्या होत्या. तो उठून दुसरीकडे बसला. निवलेला चहा त्याने एका घोटात संपवला. मग त्याला फॉर्म दिसला. किटलीखाली दबलेला होता, आणि अभिप्रायाच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात काही लिहिलेले होते. तेच अक्षर, तेवीस वर्षे जुने.

त्याने किटली बाजूला करून वाचले.

*डबा भक्कम आहे. वर बसून पाहिले.*

हेरंब हसला. इतका की डोळ्यांत पाणी आले. शिवाप्पाला काय झाले ते कळेना, पण साहेब हसतात म्हणून तोही हसला. वर्षभरात दोघे एकाच गोष्टीवर हसण्याची ती पहिली वेळ होती, आणि त्यातल्या एकाला गोष्ट माहीत नव्हती.

हसू ओसरल्यावर हेरंबने फॉर्मवरचा चहाचा गोल डाग बोटाने पुसून पाहिला. तो पुसला गेला नाही. अभिप्रायाखालची ओळ रिकामी होती.

हे कागद आता वर जाणार नव्हते. ते त्याला माहीत होते, चाचांनाही माहीत असावे. तरी सवयीने त्याने फॉर्म पुढे केला.

"सही राहिली, चाचा."

चाचांनी कप रिकामा केला. तो डब्याच्या घुमटावर उपडा ठेवायला गेले, पण त्यावर तर ते स्वतःच बसले होते. त्यांनी तो हेरंबच्या हातात दिला.

"सही डब्याच्या आत करतात, बाळ."