हात धुण्याआधी

“तास किती घ्यायचे?”

“तास?” विश्राम हसला. “सर, या वयात तुम्हाला तास कोण घ्यायला लावेल?”

आचार्य हर्डीकर हसले नाहीत.

त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले होते. निवृत्तीनंतर ते नदीकाठच्या या मठात येऊन राहिले. डॉ. विश्राम धोपेश्वरकर हा त्यांचा पहिला संशोधक विद्यार्थी. आता तो एका नव्या विद्यापीठात विभागप्रमुख होता, आणि गुरूंना ज्येष्ठ प्राध्यापकाचे पद देण्यासाठी स्वतः आला होता.

देवाला नैवेद्य दाखवून झाला होता. पंगत बसण्याच्या बेतात होती. विश्राम हात धुण्यासाठी हौदाकडे वळला, तेव्हा आचार्यांनी त्याचे मनगट धरले. हात नाकाशी नेला.

“अत्तर आहे, सर. कनोजचं.”

“दुसरा कसलाच वास नाही.” त्यांनी हात सोडला. “धुवू नकोस. याला काही लागलेलं नाही.”

विश्रामला ती स्तुती वाटली.

दोघे ओसरीवर बसले.

“ज्येष्ठ माणूस आताच का हवा झाला?”

“तुमचं नाव मोठं आहे, सर.”

“नाव गेल्या वर्षीही एवढंच होतं.”

“समिती येतेय,” विश्राम म्हणाला. “सोमवारी. विभागात ज्येष्ठ प्राध्यापक दिसला नाही, तर संशोधनाची मान्यता जाईल. माझ्याकडची मुलं अर्ध्यावर लटकतील.”

“आणि तू?”

“...मीही.”

“त्या मुलांचं काम कोण बघतं?”

“मीच बघतो ना!”

“त्यांच्या शेजारी उभा राहून?”

“ती माझ्या खोलीत येतात. निष्कर्ष आणून दाखवतात.”

“चुकतात कधी?”

“छे! एकदाही नाही. फार हुशार मुलं आहेत.”

आचार्य त्याच्याकडे बघत राहिले. विद्यार्थिदशेतही विश्रामला ही नजर सहन होत नसे.

“प्रयोगशाळा नवी आहे म्हणालास.”

“कोरी करकरीत. ओटे ग्रॅनाइटचे. बघाल तर खूश व्हाल.”

“नळाला पाणी आहे?”

“जोडणी चालू आहे. सोमवारपर्यंत येईल.”

“मग मुलं हात कुठे धुतात?”

विश्रामने उपरण्याशी चाळा सुरू केला.

आत टाळ वाजले, थांबले.

“येतो मी,” आचार्य म्हणाले.

विश्राम चटकन पाया पडला. “सर, उपकार झाले! सोमवारी पहाटेच गाडी पाठवतो.”

“आजच निघू, जेवून. रोज येईन. तास घेईन. मुलांपाशी उभा राहीन. त्यांचं चुकेल, ते चुकलं म्हणून लिहून घेईन.” ते क्षणभर थांबले. “सोमवारी मात्र येणार नाही.”

“सोमवारी...?”

“त्या दिवशी मी इथे देवापाशी असेन.”

“अहो सर, सोमवारीच तर—”

“म्हणूनच.”

“मग तुम्ही तिथे आहात हे दिसणार कुणाला?”

“मुलांना.”

विश्राम उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला. “रिकामी खुर्ची बघून समिती काय म्हणेल? माझी सगळी मेहनत पाण्यात! थट्टा करताय का सर माझी?”

आचार्य आत गेले. खुंटीवरचा जुना पांढरा अंगरखा घेऊन आले. प्रयोगशाळेत ते हाच घालत. कापड पिवळे पडले होते, जागोजागी डाग होते. त्यांनी तो विश्रामच्या हातात ठेवला.

“खुर्चीवर हा ठेव. सोमवारपुरता एवढा पुरे.”

“अजून तसेच हट्टी आहात,” विश्राम पुटपुटला. रागाने त्याने अंगरख्याची गुंडाळी केली. करता करता थांबला.

डाव्या बाहीला मोठे भोक होते. कडा जळून करपल्यासारख्या. त्याचे बोट त्यातून आरपार गेले.

“हे... माझ्यामुळे पडलं होतं.”

“आम्लाची बाटली तुझ्या हातून निसटली होती.”

“तुम्ही मध्ये हात घातलात.”

“शेजारीच उभा होतो.”

विश्रामने गुंडाळी उलगडली. बाही नाकाशी नेली. इतक्या वर्षांनंतरही कापडात काहीतरी उग्र उरले होते.

“सर...” त्याचा आवाज खाली आला होता. “आज गेलो आणि पाणीच नसलं, तर शिकवणार कसं?”

“हौदावर कळशी आहे. घेऊन जाऊ.”

अंगरख्याची घडी घालून विश्रामने ती काखेत धरली, आणि हात न धुताच पंगतीकडे निघाला.

आचार्यांनी त्याला हाक मारली.

“विश्राम, आता मात्र हात धू. पान वाढलंय.”